स्वस्त एसएमपीएसवर लायपो पॅक चार्ज करणे: १२ व्होल्ट ३० अँपिअरच्या डब्यावर कितपत भरवसा ठेवावा?

हिंगणघाट_आरसी

नमस्कार भाऊ. मॉडेल विमाने आणि एक मोठा क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) यांच्या लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पॅकसाठी घरी चार्जिंगचा पक्का बंदोबस्त करायचा आहे. पॅक आहेत ३एस (तीन सेल शृंखलेत, म्हणजे सिरीजमध्ये) २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास), ४एस ५००० एमएएच आणि ६एस १०००० एमएएच. चार्जर फक्त डीसी इनपुटचा आहे: ३०० वॅट, इनपुट १० ते ३० व्होल्ट. त्याच्यासोबत पॉवर सप्लाय येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

सर्वांत स्वस्त पडतो तो एलईडी पट्ट्यांसाठी विकतात तो छिद्रांच्या पत्र्याचा एसएमपीएस (एसीचे डीसी करणारा स्विचिंग पॉवर सप्लाय), १२ व्होल्ट ३० अँपिअर, वर ३६० वॅट छापलेले. दिसायला सगळे सारखेच, किमतीत मात्र दुप्पट-तिप्पट फरक.

आमचे घर लाईनच्या पार शेवटच्या खांबावर आहे. हरभऱ्याच्या ओलिताला मोटारी लागल्या की घरात १६०–१७० व्होल्ट राहते, मोटारी बंद झाल्या की २५५–२६०. उन्हाळ्यात चार्जिंगची खोली टिनाची, त्यामुळे गरमीचाही प्रश्न आहे.

विचारायचे असे: हा ३० अँपिअरचा डबा ६एस पॅकला पुरेल का? आमच्यासारख्या लाईटवर तो टिकेल का? आणि घेताना चांगला-वाईट ओळखायचा कसा?

सर्किट_दारव्हा

आधी हिशेब करून घेऊ, मग डब्याकडे वळू.

६एस १०००० चा पॅक १सी ने (क्षमतेच्या आकड्याइतक्या करंटने) भरायचा म्हणजे १० अँपिअर. कॉन्स्टंट करंटचा (करंट कायम ठेवून भरण्याचा) टप्पा संपत येतो तेव्हा पॅक २५.२ व्होल्टवर असतो, तेव्हाच सर्वांत जास्त वॅट लागतात: २५.२ × १० = २५२ वॅट. चार्जर स्वतः दहा-बारा टक्के उष्णतेत घालवतो, म्हणून इनपुटला साधारण २८५ वॅट. १२ व्होल्टवरून घेतले तर हे २४ अँपिअर झाले, २४ व्होल्टवरून घेतले तर १२ अँपिअर.

कागदावर ३० मधून २४ वजा केले की ६ उरतात, पण स्वस्त डब्यावरचे ३० हे ‘क्षणभर’चे ३० असतात. सलग तासभर, ४० अंशांच्या खोलीत, त्यातून ६० ते ६५ टक्क्यांपलीकडे काही मागू नये. म्हणजे १८–२० अँपिअर. थोडक्यात, ६एस पॅकसाठी १२ व्होल्ट ३० अँपिअरचा स्वस्त एसएमपीएस कमी पडतो. ३एस २२०० ला २.२ × १२.६ = २८ वॅट आणि ४एस ५००० ला ५ × १६.८ = ८४ वॅट लागतात, त्यांना तो भरपूर होईल.

तुमचा चार्जर ३० व्होल्टपर्यंत घेतो, तेव्हा २४ व्होल्टचाच सप्लाय घ्या. करंट निम्मा झाला की वायर, स्क्रू आणि कनेक्टर यांची निम्मी दुखणी तिथेच संपतात. शिवाय १२ वरून २५ पर्यंत व्होल्टेज चढवायला चार्जरला जास्त कष्ट पडतात, २४ वरून तो थंड चालतो. बहुतेक चार्जरना इनपुट करंटची स्वतःची मर्यादा असते, त्यामुळे १२ व्होल्टवर ते छापील ३०० वॅट देतच नाहीत. मॅन्युअलच्या तक्त्यात ते लिहिलेले असते, पाहून घ्या.

तुलनेला एक खरा आकडा देतो. मीन वेल या नावाजलेल्या कंपनीचा एलआरएस-३५०-२४ हा ३५० वॅटचा आहे आणि त्यावर १४.६ अँपिअर लिहिलेले असते. तो ५० अंशांपर्यंत पूर्ण लोडला चालावा अशी त्याची डेटाशीट सांगते, त्यापुढे लोड कमी करत न्यावा लागतो. त्याच मापाच्या बिननावाच्या डब्यावर ‘४०० वॅट’ किंवा ‘४८० वॅट’ छापलेले दिसले, तर तो छापील आकडा सोडून द्या. आणि मीन वेलच्या नकलाही सर्रास विकल्या जातात, म्हणून नावावर न जाता आत पाहा.

पाहायचे काय? छिद्रांतून टॉर्च मारली तरी बरेच दिसते. टर्मिनलजवळ एसी आत येते तिथे फेराइटची गुंडाळी, म्हणजे फिल्टर चोक, असते. स्वस्त डब्यात त्या जागी दोन सरळ तारा डकवलेल्या असतात. तिथेच निळा किंवा पिवळा चपटा गोल एमओव्ही (जास्त व्होल्टेज अडवणारा भाग) असावा, फ्यूज असावा, आणि इनरशसाठी, म्हणजे सुरू होतानाचा करंटचा झटका अडवायला, हिरवट-काळा एनटीसी असावा. फ्यूजच्या जागी तार दिसली तर तो डबा परत करा, त्यावर अजून चर्चा नको.

त्यानंतर दोन मोठे इनपुट कपॅसिटर. ३५० वॅटच्या डब्यात २०० व्होल्टचे दोन शृंखलेत असतात. ४७० ते ६८० मायक्रोफॅरड असतील तर ठीक. शृंखलेत त्यांची बेरीज होत नाही, दोघांचे मिळून एकाच्या निम्मे उरते. २३० व्होल्टला वॅटमागे साधारण १ मायक्रोफॅरड हा कामाचा अंदाज. २२० चे दोन टाकलेले असले तर प्रत्यक्षात ११० च मिळाले. तुमच्याकडे १६५ व्होल्टवर तो डबा १०० हर्ट्झच्या प्रत्येक दरीत (लाईनच्या दोन शिखरांमध्ये) कोसळेल, आणि चार्जरच्या स्क्रीनवर ‘इनपुट व्होल्टेज लो’ येऊन चार्जिंग थांबेल. लोकांना वाटते चार्जर बिघडला. दोष सप्लायचा असतो.

आउटपुटच्या कपॅसिटरवर १०५ अंश लिहिलेले हवे. ८५ अंशवाले टिनाच्या खोलीत लवकर फुगतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान १० अंश वाढले की आयुष्य निम्मे होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४५ च्या पुढे असते.

बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) चिन्हाखाली ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचे नाव जुळते का ते पाहा. न जुळणारा क्रमांक छापणाऱ्याने आत काय टाकले असेल त्याचा अंदाज येतो.

वायरमन_आर्वी

दारव्हावाल्या भाऊंनी आतले सांगितले, मी लाईनचे सांगतो, कारण आपल्या भागात एसएमपीएस लोडने कमी आणि लाईनने जास्त मरतात.

सर्वांत आधी ११५/२३० चा तो लाल सरकता स्विच. बऱ्याच डब्यांत तो बाजूला खोल बसवलेला असतो आणि कारखान्यातून ११५ वर आलेला असू शकतो. ११५ वर ठेवून २३० दिले की आतले सर्किट व्होल्टेज दुप्पट करते. २३० चे शिखर ३२५ व्होल्ट, दुप्पट म्हणजे ६५०. आणि आत २००-२०० चे दोन कपॅसिटर, मिळून ४००. ते सेकंदात फुटतात. प्लग लावण्याआधी स्क्रू ड्रायव्हरने २३० वर करा आणि त्यावर चिकटपट्टी मारून टाका.

आता तुमचे २६० व्होल्ट. २६० चे शिखर ३६८. चारशेच्या कपॅसिटरला हे चालते, पण हाताशी काही उरत नाही. २८३ व्होल्टला बरोबर ४०० होतात. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला तर घरात ३०० च्या वर, वाईट वेळी ४०० पर्यंतही येते. तेव्हा एमओव्ही असेल तर तो शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि मागचे वाचवतो. एमओव्ही नसेल तर कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर सोबतच जातात. म्हणून फक्त डबा चांगला घेऊन भागत नाही, त्याच्या आधी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा. डिन रेलवर बसतो तो, ज्यावर व्होल्टेज दिसते आणि मर्यादा बदलता येतात. वरची मर्यादा २६५, खालची १७५, आणि लाईट आल्यावर पुन्हा जोडण्याचा वेळ किमान ६० सेकंद. लाईट येताना पहिल्या काही क्षणांत जे झटके येतात ते या उशिरामुळे टळतात. हे यंत्र स्टॅबिलायझरपेक्षा स्वस्त आणि या कामाला जास्त उपयोगी.

खालचे १६०–१७० मात्र प्रोटेक्टर सुधारून देणार नाही, तो फक्त तोडेल. यावर दोन उपाय. एक, मोटारी बंद असतील तेव्हा चार्जिंग करणे. दोन, ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेला सप्लाय घेणे. असे सप्लाय ८५ किंवा ९० ते २६४ व्होल्टपर्यंत बिनस्विचचे चालतात, १५० वरही त्यांना फरक पडत नाही, फक्त मग प्रोटेक्टरची खालची मर्यादा तशी खाली आणावी लागेल. डब्यावर इनपुट ‘१००–२४०’ सलग लिहिलेले असेल आणि लाल स्विच नसेल तर तो या जातीचा असू शकतो. ३५० वॅटच्या वर्गात पीएफसीवाला महाग पडतो, पण शेवटच्या खांबावरच्या घराला पैसे वसूल आहेत.

अर्थिंग. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलवरून बॉडीला छोटे वाय-कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ जोडला नाही तर बॉडीवर साधारण ११५ व्होल्ट दिसते, हाताला मुंग्या येतात. करंट थोडा असतो, पण आतला ट्रान्सफॉर्मर निकृष्ट असला तर हाच थोडा करंट उद्या थोडा राहत नाही. अर्थची तार बॉडीच्या चिन्हाच्या स्क्रूला जोडायचीच. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थ नावापुरता उरतो. एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी टाकत राहा. न्यूट्रललाच अर्थ म्हणून बॉडीला जोडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती करू नका. न्यूट्रल तुटला की अख्खी बॉडी फेजवर येते. आणि या सॉकेटच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवा.

इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर एक सांगून देतो. घरातला साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर २२० व्होल्ट दाखवतो पण त्याचे शिखरही २२० च असते, ३११ नाही. एसएमपीएस शिखरावर चालतो, म्हणून त्याच्या दृष्टीने ते १५५ व्होल्टची लाईन झाली. पूर्ण लोडवर तो तिथे बसणार. लहान जनरेटरवर चालवताना जनरेटर आधी सुरू करा, स्थिर होऊ द्या, मग प्लग लावा, आणि बंद करताना उलटे. पीएफसी नसलेल्या सप्लायचा पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास असतो, म्हणजे ३०० वॅट देताना तो लाईनमधून साधारण ६०० व्हीए ओढतो. एक केव्हीएच्या सेटवर असा एकच लावावा.

हिंगणघाट_आरसी

दोघांचेही आभार. २४ व्होल्टचे पटले. आणखी दोन गोष्टी विचारतो. जुन्या कॉम्प्युटरचा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय पडून आहे, तो ३एस-४एस साठी वापरता येईल का? आणि एका व्हिडिओत असे दाखवून राहिले की एसएमपीएसचा स्क्रू फिरवून १२.६ व्होल्ट करायचे आणि ३एस पॅक थेट जोडायचा, चार्जरची गरजच नाही. हे चालते का?

बॅटरी_वरूड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही. चुकूनही नाही.

कारण पाहा. रिकामा ३एस पॅक ९.९ व्होल्टवर आहे, सप्लाय १२.६ वर. फरक २.७ व्होल्ट. पॅकचा आतला रोध ३० मिलिओहम आणि वायर-कनेक्टरचा २० धरला तर एकूण ५०. भागाकार केला की ५४ अँपिअर येतात. २२०० च्या पॅकला २.२ हवे होते. सप्लाय इतके देऊ शकत नाही म्हणून त्याचे ओव्हरलोड संरक्षण लागते, तो बंद-चालू होत राहतो, आणि प्रत्येक वेळी पॅकला ३०–४० अँपिअरचा ठोका देतो. चार्जरचे कॉन्स्टंट करंट आणि एसएमपीएसचे ओव्हरलोड संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले काम करण्यासाठी बनवलेले असते, दुसरे अपघात थांबवण्यासाठी.

बॅलन्सिंग (सगळे सेल सारखे भरणे) तर नाहीच. तिन्ही सेलची बेरीज १२.६ झाली तरी एक ४.३५ वर आणि दुसरा ४.१० वर असू शकतो. आणि तो छोटा पिवळा-निळा स्क्रू स्वस्त कार्बनचा असतो, गरम झाला की सरकतो. १२.६ चे १२.९ झाले की प्रत्येक सेल ४.३. लायपोची सीमा ४.२० आहे.

त्यात लाईट गेली तर? सप्लाय बंद, पण पॅक जोडलेलाच. आता पॅक उलट्या बाजूने एसएमपीएसचा दिवा, आतला रोधक आणि काही डब्यांत पंखाही चालवतो. रात्रभर लाईट आली नाही तर सकाळी सेल ३ व्होल्टच्या खाली मिळतात. अशा पॅकला पुन्हा भरू नये.

फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट ८ एएच शिसे-आम्ल बॅटरीलाही हेच. तिला ०.८ ते १.६ अँपिअर पुरे. तिच्यासोबतचा लहान चार्जर खराब झाला तर तसाच दुसरा आणा, ३० अँपिअरचा डबा लावू नका.

आता वरच्या सल्ल्यात एक भर. २४ व्होल्टचा सप्लाय बरोबरच आहे, पण त्याची एक बाजू कोणी बोलत नाही. चार्जरच्या आतला मुख्य मॉस्फेट (स्विचिंग करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाला तर इनपुट सरळ आउटपुटला जाते. १२ व्होल्टच्या सप्लायवर ३एस पॅक असेल तर त्याला जास्तीत जास्त १२ मिळतील, तो वाचेल. २४ वर तोच पॅक असेल तर १२.६ च्या पॅकला २४ व्होल्ट. इनपुटचा फ्यूज अशा वेळी उडेलच असे नाही, कारण सप्लाय स्वतःच करंट अडवतो आणि फ्यूज वितळण्याइतका करंट वाहतच नाही. म्हणून छोटे ३एस पॅक २४ व्होल्टवर भरताना कधीच उठून जाऊ नका. जमत असेल तर छोट्या पॅकना १२ चा वेगळा लहान सप्लाय ठेवा, ६एस ला २४ चा.

चार्जरच्या मेनूत दोन गोष्टी असतात त्या भरा. सेफ्टी टायमर: १सी ला ९० मिनिटे. कपॅसिटी मर्यादा: पॅकच्या एमएएचच्या ११० टक्के, म्हणजे १०००० ला ११०००. अर्धा भरलेला पॅक लावला आणि चार्जर त्यात ११००० टाकू लागला तर काहीतरी बिघडले आहे हे तो स्वतः ओळखून थांबतो. अर्थात चार्जरचा मेंदू शाबूत असेल तरच. मॉस्फेट शॉर्ट झाल्यावर मेनू उपयोगी नाही, म्हणून एसीच्या बाजूलाही साधा टायमर स्विच लावा, दोन तासांचा.

तापमान. लायपोची चार्जिंगची वरची मर्यादा बहुतेक पॅकवर ४५ अंश दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी टिनाखाली खोलीच तिथे पोचते. पॅक उडवून आणल्यावर तो खोलीपेक्षा आणखी गरम असतो. अर्धा तास सावलीत ठेवा, हाताला खोलीइतका लागला की मग लावा. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा. लाईटही तेव्हा बरी असते.

आणि जागा. ही गोष्ट मी सगळ्यांना हात जोडून सांगतो: दिवाळीनंतर घरोघरी खोलीत कापूस रचलेला असतो. त्या खोलीत, तिच्या दाराशी किंवा तिच्याशी लागून असलेल्या ओसरीत लायपो चार्ज करू नका. गोठ्यातल्या कुटाराजवळही नाही. पेटलेला सेल ठिणग्या लांब फेकतो आणि कापसाला एक पुरते, आतल्या आत धुमसत राहणारी आग दुसऱ्या दिवशी पुन्हा उठते. चार्जिंग सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर, भिंतीपासून हातभर लांब, पॅक दोन विटांच्या आडोशात किंवा मातीच्या कुंडीत. शेजारी कोरड्या रेतीची बादली. पॅक फुगायला लागला तर आधी मेन बंद, मग लांब चिमट्याने बाहेर अंगणात. धूर अजिबात ओढू नका, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतो.

सर्किट_दारव्हा

वरूडवाल्या भाऊंचा १२ आणि २४ वेगळे ठेवण्याचा मुद्दा रास्त आहे, मी तो मान्य करतो.

कॉम्प्युटरच्या सप्लायचे: ४५० वॅट हा सगळ्या व्होल्टेजचा मिळून आकडा असतो. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहा, जुन्यात १५–१६ च असतात. ६० टक्के धरले तर दहा अँपिअर, म्हणजे १२० वॅट. तुमच्या ३एस आणि ४एस ला पुरे. सुरू करायला मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला जोडायची. १२ व्होल्ट पिवळ्या तारांवर, आणि तीन-चार पिवळ्या, तितक्याच काळ्या एकत्र वळवून घ्यायच्या, एकीवर सगळा भार नको. जुन्या सप्लायमध्ये ५ आणि १२ व्होल्टचे नियंत्रण एकत्र असते. ५ वर लोड नसेल तर १२ चे ११ किंवा त्याखाली येतात, चार्जर कुरकुरतो. लाल आणि काळ्या तारेमध्ये १० ओहम १० वॅटचा सिमेंटचा रोधक लावा. अर्धा अँपिअर, अडीच वॅट, एवढ्याने व्होल्टेज सावरते. रोधक पंख्याच्या वाऱ्यात बसवा.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे सर्व्हरचा वापरलेला पॉवर सप्लाय. नागपूरच्या भंगार-कॉम्प्युटर बाजारात किंवा ऑनलाइन मिळतात, १२ व्होल्टवर ४६० ते १२०० वॅट. ॲक्टिव्ह पीएफसी असते, लाईन १६० झाली तरी चालतात, रिपल (डीसीवर उरलेली लहर) नगण्य, आणि छापील आकडा खरा असतो. सुरू करायच्या पिना प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या, आपल्या मॉडेल क्रमांकाचीच माहिती काढा, दुसऱ्याची आकृती वापरू नका. दोष दोन: पंख्याचा आवाज फार, आणि १२ व्होल्टची मायनस आतून बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडलेली असते. २४ करण्यासाठी दोन सर्व्हर सप्लाय शृंखलेत जोडले की दुसऱ्याची मायनस पहिल्याच्या प्लसवर येते, तीच अर्थलाही जोडलेली, आणि पहिला सप्लाय शॉर्ट होतो. त्यासाठी एक सप्लाय उघडून त्याचे बोर्ड बॉडीपासून वेगळे करावे लागते. उघड्या प्रायमरीजवळचे (मेनच्या बाजूजवळचे) हे काम नवख्याने करू नये. काही जण तिसरी पीन कापून मोकळे होतात, मग दोन्ही बॉडी जिवंत. ते तर मुळीच नको.

दोन एसएमपीएस समांतर जोडून अँपिअर वाढवायचा विचारही सोडा. ज्याचे व्होल्टेज ०.१ ने जास्त, तोच सगळा लोड उचलतो, गरम होऊन बंद पडतो, मग दुसरा.

आता नवा डबा तपासायची पद्धत. पॅक लावण्याआधी एवढे करा.

पहिल्यांदा प्लग थेट लावू नका. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बसोबत सिरीज बोर्डवर लावा. बल्ब चमकून मंद झाला की आत शॉर्ट नाही. झगझगीत राहिला तर बंद करा. त्यानंतर प्लग काढून मेगर असलेल्या वायरमनकडून ५०० व्होल्टवर इन्सुलेशन मोजून घ्या: फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून एकीकडे, आउटपुटच्या दोन्ही तारा एकत्र दुसरीकडे. चांगल्यात १०० मेगाओहमच्या वर येते. दोन-चार येत असेल तर ट्रान्सफॉर्मर किंवा बोर्डावरचे अंतर खराब आहे. बिघाड झाला तर त्या तारेवर, म्हणजे तुमच्या हातातल्या पॅकवर, मेन येईल.

मग लोड. २४ व्होल्टला ट्रकचा ७५/७० वॅटचा हेडलाइट बल्ब, दोन्ही फिलामेंट एकत्र जोडली की ६ अँपिअर. दोन बल्ब म्हणजे १२, तुम्हाला हवे तेवढेच. १२ व्होल्टला कारचे ६०/५५ चे बल्ब, एकेक साडेनऊ अँपिअरचा. बल्ब विटांवर ठेवा, काच फार तापते. एकदम जोडू नका: थंड फिलामेंट क्षणभर दहापट करंट ओढते आणि चांगला सप्लायही बंद होतो. एक लावा, पेटू द्या, मग दुसरा.

मल्टीमीटर एसएमपीएसच्या टर्मिनलवरच धरा. लोड नसताना आणि पूर्ण लोडवर यात ०.२–०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. तासभर चालू ठेवा. दर दहा मिनिटांनी व्होल्टेज पाहा. हळूहळू उतरत गेले, वॉर्निशचा वास आला किंवा पंखा सुरूच झाला नाही तर तो डबा आपल्या कामाचा नाही. मल्टीमीटर एसीवर ठेवून रिपलही पाहता येते, पण त्यात फक्त १०० हर्ट्झचा भाग कळतो. स्विचिंगचा उंच आवृत्तीचा रिपल साधा मीटर पकडत नाही, त्याला ऑसिलोस्कोपच हवा. ही तपासणी लाईन पडलेली असते त्या वेळी एकदा आणि रात्री एकदा अशी करा. २३० वर पास झालेला डबा १७० वर नापास होतो, आणि तुम्हाला दोन्ही दिवस काढायचे आहेत.

हिंगणघाट_आरसी

समजले. मग असे ठरवतो: ३एस-४एस ला कॉम्प्युटरचा सप्लाय रोधक लावून, आणि ६एस ला पीएफसीवाला २४ व्होल्ट, ५०० वॅटचा. आधी प्रोटेक्टर, आरसीसीबी. सप्लायपासून चार्जरपर्यंत वायर आणि फ्यूज कोणता घेऊ? आणि कापसाच्या दिवसांत पंख्यात धुळीसोबत तंतू जातात, त्याला जाळी लावली तर चालेल?

वायरमन_आर्वी

५०० वॅटचा म्हणजे २४ वर २१ अँपिअरच्या आसपास, तुमच्या १२ ला तो सहज पुरतो, उन्हाळ्यातही.

वायर ४ स्क्वेअर मिमी तांब्याची, लवचीक, लांबी अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नको. जाणे-येणे मिळून एक मीटर, १२ अँपिअरला ०.०६ व्होल्टही पडत नाही. दीड स्क्वेअर मिमीची वायर १२ व्होल्टच्या जोडणीत २४ अँपिअरला ०.३ व्होल्ट खाते आणि स्वतः गरम होते, म्हणून ती दिव्यांनाच ठेवा.

टोकांना सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू सरकते, स्क्रू सैल पडतो, आणि मग टर्मिनलचे प्लास्टिक काळे होते. क्रिम्प केलेला तांब्याचा लग लावा. टर्मिनलवर प्लसचे दोन-तीन स्क्रू असतात, ते आतून एकच आहेत. दोन वापरले तर भार वाटला जातो. आठवड्याभराने सगळे स्क्रू पुन्हा आवळा, त्यानंतर दर हंगामाला एकदा, प्लग काढून.

फ्यूज कारचा पातीचा, १५ अँपिअर, प्लस तारेत, सप्लायच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर. तो वायर आणि चार्जरच्या शॉर्टसाठी आहे. पॅकच्या ओव्हरचार्जला तो पुरत नाही हे वर सांगितलेच आहे. ३० चा टाकला तर सप्लायची हद्द आधी येते आणि फ्यूज नुसता शोभेचा राहतो.

जाळीचे: मच्छरजाळीने हवा बरीच अडते आणि तंतू अडकले की आठवड्यात पंखा गुदमरतो. ३ मिमी छिद्रांची पत्र्याची जाळी लावा, तेवढ्याने पाल आत जात नाही. पालीचा बंदोबस्त धुळीपेक्षा महत्त्वाचा आहे. रात्री गरम डब्यात ती ऊब शोधत शिरते आणि प्रायमरीच्या दोन टोकांवर पडली की ट्रान्झिस्टर, फ्यूज सगळे सोबत जाते. तंतू मात्र हाताने साफ करावे लागतील. प्लग काढून दहा मिनिटे थांबा, मोठे कपॅसिटर रिकामे होऊ द्या, मग सायकलच्या पंपाने किंवा ब्लोअरने पंख्याच्या उलट्या दिशेने फुंका, पाती काडीने धरून, म्हणजे बेअरिंगला झटका बसत नाही. डबा आडवा भिंतीवर बसवला तर छिद्रांची बाजू खाली नको, वर किंवा कडेला. चारी बाजूंनी हातभर मोकळी जागा सोडा, आणि त्याच्यावर पॅक ठेवायचा नाही.